दुखऱ्या मूत्राशयात सोडलेल्या पेशी

लघवीची पिशवी भरू लागली की ओटीपोटात दुखायला लागतं. रिकामी केली की जरा बरं वाटतं, आणि अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा तेच. घरात सांगितलं तर उन्हाळी लागली असेल म्हणून धण्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी सुरू होतं. डॉक्टर अँटिबायोटिक देतात. एक कोर्स संपतो, दुसरा संपतो, आणि लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट दर वेळी तोच येतो: जंतू आढळले नाहीत. रात्री चार-पाचदा उठून जिच्या झोपेचं खोबरं झालंय त्या बाईला मग ऐकून घ्यावं लागतं की हे सगळं मनाचं आहे. ते मनाचं नाही. या आजारात मूत्राशयाच्या भिंतीत, तिच्या नसांमध्ये आणि आजूबाजूच्या स्नायूंमध्ये काय काय बिघडतं, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिलं जात आहे.

इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे या आजाराचं जुनं नाव, आणि ब्लॅडर पेन सिंड्रोम हे अलीकडचं. पुरुषांनाही तो होतो, पण बायकांमध्ये जास्त आढळतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात गाय हनर नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९१५ मध्ये काही स्त्रियांच्या मूत्राशयात आढळलेल्या एका विशिष्ट जखमेचं वर्णन केलं. दुर्बिणीतून पाहिलं की लालसर चट्टा दिसतो, त्याच्याकडे बारीक रक्तवाहिन्या ओढल्यासारख्या जमलेल्या असतात, आणि पिशवी पाण्याने फुगवली की चट्टा फाटून रक्त येतं. याला आजही हनरचा चट्टा म्हणतात. तो सगळ्या रुग्णांत नसतो, थोड्यांतच असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पेशी-उपचाराचा सगळा हिशेब पुढे तिथेच येऊन अडतो.

गेल्या काही वर्षांत या दुखण्यावर मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा उपचार असल्याचं रुग्णांच्या कानावर येऊ लागलं आहे. झिजलेलं अस्तर पुन्हा उगवेल, दुखणं मुळापासून जाईल, असं सांगितलं जातं. दहा वर्षं दुखणं सोसलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल ते मी समजू शकते. म्हणूनच या पेशी आत जाऊन नेमकं काय करतात, हे सावकाश पाहायला हवं.

सुरुवात अस्तरापासून करू. मूत्राशयाच्या आतल्या बाजूला पेशींचं काही थरांचं अस्तर असतं, त्याला युरोथेलियम म्हणतात. सगळ्यात वर मोठ्या, पसरट पेशी असतात, त्यांना छत्रीपेशी म्हणतात. त्यांच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिनांचे घट्ट पत्रे असतात, आणि दोन पेशींमधल्या फटी इतक्या पक्क्या बुजवलेल्या असतात की पिशवीत तासन्‌तास साठलेली लघवी भिंतीत झिरपत नाही. त्यांच्यावर साखरेच्या लांब साखळ्यांचा एक बुळबुळीत लेपही असतो. छत्रीपेशींच्या खाली मधल्या पेशी, आणि सगळ्यात तळाशी, बाकीच्या भिंतीला चिकटून, तळपेशी. एरवी हे अस्तर फार संथपणे बदलतं, एका पेशीचं आयुष्य काही महिन्यांचं असतं. पण इजा झाली की चित्र पालटतं. उंदरांवरच्या प्रयोगांत वरचा थर खरवडला गेल्यावर काही दिवसांत नवं अस्तर तयार झालेलं दिसतं.

इतक्या झटपट दुरुस्तीचा हुकूम कोण देतं? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप बीची यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये याचं एक सुंदर उत्तर दिलं. इजा झाली की तळपेशी हेजहॉग नावाच्या रेणूचा संदेश खालच्या जोडऊतीकडे पाठवतात. तिथल्या पेशी तो वाचतात आणि उलट विंट नावाच्या कुळातले रेणू सोडतात. ते वर पोचले की तळपेशी भराभर विभागू लागतात आणि अस्तर भरून निघतं. म्हणजे अस्तर एकटं स्वतःला दुरुस्त करत नाही. खालच्या थराशी त्याचं बोलणं चालू असावं लागतं. मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण दीर्घकाळच्या आजारात हे बोलणंच बिघडलं असण्याची शक्यता आहे.

तसे पुरावेही आहेत. मेरिलँड विद्यापीठाच्या सुझन के यांना या रुग्णांच्या अस्तरपेशी एक छोटा रेणू सोडताना आढळल्या. तो रेणू निरोगी अस्तरपेशींच्या वाढीलाच लगाम घालतो. दुसरीकडे संशोधक लोवेल पार्सन्स यांनी गळक्या अस्तराची कल्पना अनेक वर्षं मांडली. लघवीत पोटॅशियमचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. अस्तर गळू लागलं की ते भिंतीत झिरपतं आणि तिथल्या नसांना चेतवतं. नसा चेतल्या की आग होते, सूज येते. मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या त्याच पेशी, भिंतीत गोळा होतात. सुजेमुळे अस्तराची दुरुस्ती आणखी लांबते, आणि लांबलेल्या दुरुस्तीमुळे गळणं चालूच राहतं. सगळ्या रुग्णांत हे असंच घडतं असा दावा कोणीही करू नये. पण पेशी-उपचार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे चक्र आहे ते हेच.

आता त्या पेशींकडे येऊ. या उपचारात बहुतेक वेळा मेसेंकायमल मूलपेशी वापरल्या जातात. अस्थिमज्जा, चरबी, नाळ किंवा नाळेतलं रक्त यांतून त्या मिळतात, किंवा भ्रूणापासून वाढवलेल्या पेशींच्या संचातून प्रयोगशाळेत घडवल्या जातात. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीला चिकटून त्या वाढतात, आणि योग्य खुराक मिळाला तर हाड, कूर्चा किंवा चरबीच्या पेशी बनू शकतात. म्हणून सुरुवातीला आशा अशी होती की मूत्राशयात सोडल्या की त्या स्वतःच अस्तर बनतील. प्रत्यक्षात तसं फारसं घडताना दिसलं नाही. शिरेतून दिलेल्या या पेशींपैकी पुष्कळशा फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांतच अडकतात. जागेवर टोचलेल्यांपैकीही बहुतेक काळाच्या ओघात नाहीशा होतात. तरीही प्राण्यांमध्ये सूज उतरते आणि जखम भरते. त्याचं कारण या पेशी जे रेणू आणि सूक्ष्म पुटिका सोडतात, त्यांत आहे. काही रेणू नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, काही सुजेच्या पेशींना आवरतात, काही तळपेशींना वाढीचा इशारा देतात. बांधकामाच्या भाषेत सांगायचं तर या पेशी गवंडी नाहीत, मुकादम आहेत: विटा त्या रचत नाहीत, तिथे आधीच असलेल्यांना कामाला लावतात आणि निघून जातात. या पेशींचं आजचं नाव रूढ करणारे अर्नॉल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये त्यांना मूलपेशी म्हणणं सोडून द्यावं असं लिहिलं, इतकी ही समजूत आता पक्की झाली आहे.

यावरून पुढचं सगळं ठरतं. मुकादम तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा कामगार हजर असतात पण काम थांबलेलं असतं. जिथे तळपेशी शाबूत आहेत, जखम खरी आहे, सूज खरी आहे आणि दुरुस्ती फक्त अडून बसली आहे, तिथे या उपचाराला अर्थ आहे. जिथे अस्तर ठीकच आहे आणि दुखणं दुसरीकडून येतंय, तिथे मुकादम पाठवून काय होणार?

दक्षिण कोरियात सोलच्या आसान वैद्यकीय केंद्रात या उपचारावर चिकाटीने काम झालं आहे. तिथल्या गटाने २०१५ मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मूत्राशयात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून उंदरांचं अस्तर भाजलं, मग नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी भिंतीत टोचल्या. उंदरांची वारंवार होणारी लघवी कमी झाली, अस्तर सुधारलं, सूज उतरली. आणि त्याच सुमाराला भिंतीत विंटचा संदेश जागा झालेला आढळला, म्हणजे स्टॅनफर्डच्या प्रयोगात दिसलेलं तेच बोलणं. दोन वेगळ्या प्रयोगशाळांची गाठ अशी एका रेणूवर पडावी, हे मला मोठं आश्वासक वाटतं. मात्र उंदराचं एका दिवसात भाजलेलं अस्तर आणि माणसाचं वर्षानुवर्षं दुखत आलेलं मूत्राशय यांत अंतर आहे. पहिलं तसंही भरून येण्याच्या वाटेवर असतं.

त्याच केंद्राने पुढे भ्रूणपेशींपासून घडवलेल्या मेसेंकायमल पेशी माणसांना दिल्या. चाचणीचा अहवाल २०२२ मध्ये आला. रुग्ण तीन, तिन्ही स्त्रिया, तिघींनाही हनरचे चट्टे. भूल देऊन, दुर्बिणीतून, बारीक सुईने अस्तराच्या खालच्या थरात ५ मिलिलिटर द्रावातून २ कोटी पेशी टोचल्या. वेदना कमी झाल्याची नोंद आहे, आणि पेशींमुळे गंभीर त्रास झाल्याचं आढळलं नाही. हा पहिल्या टप्प्याचा अभ्यास, त्यामुळे त्याचं मुख्य काम सुरक्षितता पाहणं एवढंच. तीन माणसांवरून उपचार लागू पडतो असं कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये, आणि आशा दाखवणारा निकाल म्हणून त्याकडे पाठही फिरवू नये.

भ्रूणपेशींचा मार्ग त्यांनी का घेतला, हेही समजून घेण्यासारखं आहे. रुग्णाच्या स्वतःच्या चरबीतून किंवा मज्जेतून काढलेल्या पेशी प्रत्येकीच्या वेगळ्या: वय, मधुमेह, आधीची औषधं, सगळ्याचा त्यांच्यावर परिणाम होतो. एका संचातून वाढवलेल्या पेशी मात्र घाण्यागणिक सारख्या असतात, तपासून गोठवून ठेवता येतात. त्याची किंमत वेगळ्या स्वरूपात मोजावी लागते. त्या घाण्यात एखादी न बदललेली भ्रूणपेशी राहून गेली तर तिच्यापासून गाठ होऊ शकते. म्हणून अशा पेशी देण्याआधी कडक तपासण्या करतात आणि नंतर रुग्णावर दीर्घकाळ लक्ष ठेवतात.

तैवानमध्ये ह्वालिएनच्या त्झू ची रुग्णालयात हान-चुंग कुओ यांचा गट रुग्णाच्या रक्तातल्या बिंबाणूंचा, म्हणजे प्लेटलेटचा, दाट अर्क मूत्राशयाच्या भिंतीत दर महिन्याला एक अशी चार इंजेक्शनं टोचून पाहतो. त्यात मूलपेशी नसतात, पण तर्क तोच: वाढीचे संदेश जागेवर पोचवायचे. नवी पिशवीच घडवण्याचाही प्रयत्न झाला आहे. संशोधक अँथनी अटाला यांनी २००६ मध्ये मणक्याच्या जन्मजात दोषामुळे मूत्राशय आखडलेल्या सात मुलांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेल्या भिंती बसवल्याचं प्रसिद्ध केलं आणि जगभर बातम्या झाल्या. पुढच्या टप्प्याच्या चाचणीत मात्र पिशवीची क्षमता अपेक्षेप्रमाणे वाढली नाही आणि गंभीर गुंतागुंती झाल्या. अवघड क्षेत्र आहे हे.

आता त्या हनरच्या चट्ट्याकडे पुन्हा वळायला हवं. जपानमधल्या संशोधकांनी चट्टे असलेल्या आणि नसलेल्या मूत्राशयांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चट्टे असलेल्यांत अस्तर सोलवटलेलं, भिंतीत प्रतिकारपेशींची गर्दी. चट्टे नसलेल्यांत सूज जवळपास नाहीच, अस्तरही बऱ्यापैकी जागेवर. बाहेरून दुखणं सारखं, आत मात्र दोन वेगळे आजार. चट्टे नसलेल्या पुष्कळ रुग्णांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात, किंवा मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणाच अति जागरूक झालेली असते. त्यांना बऱ्याचदा आतड्याचा त्रास, अंगदुखी, अर्धशिशीही असते. अशा रुग्णाच्या मूत्राशयात कोट्यवधी पेशी टोचल्या तर त्या कुणाशी बोलणार? माझं मत स्पष्ट आहे: दुर्बिणीने चट्टे आहेत की नाहीत हे न पाहता जो कोणी पेशी-उपचार सुचवतो, त्याने या आजाराचा अभ्यास केलेला नाही.

पण बाजारात विकलं जातं ते वेगळंच. रुग्णाच्या पोटाची किंवा मांडीची चरबी शोषून काढायची, एन्झाइम घालून विरघळवायची, फिरवून तळाशी बसलेल्या पेशी त्याच दिवशी परत टोचायच्या. या मिश्रणात मूलपेशी थोड्याच असतात. बाकी रक्तपेशी, प्रतिकारपेशी, वाहिन्यांच्या पेशी, सगळंच. अमेरिकेत मूत्राशयाच्या दुखण्यासाठीही हे दिलं गेलं. २०१९ मध्ये १०९ रुग्णांचा एक अनुभव प्रसिद्ध झाला, पण तुलनेसाठी उपचार न दिलेला गट त्यात नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असं मिश्रण विकणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या क्लिनिकवर २०१८ मध्ये दावा लावला. खालच्या न्यायालयात २०२२ ला क्लिनिक जिंकलं, पण सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: हे मिश्रण औषध आहे, त्याला औषधाचेच नियम लागू.

हे नियम का हवेत, ते फ्लोरिडातल्या तीन वयस्क बायकांच्या बाबतीत दिसलं. डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी २०१५ मध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांत हेच चरबीतल्या पेशींचं मिश्रण टोचलं गेलं. प्रत्येकीने ५ हजार डॉलर भरले, आणि तिघींचीही दृष्टी जवळपास गेली. त्या क्लिनिकचा उपचार सरकारी चाचणी-नोंदवहीत चाचणी म्हणून नोंदलेला होता. नुसत्या नोंदीवर भिस्त ठेवता येत नाही, हे यातून कळतं. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून प्रायोगिक औषधाचे पैसे घेत नाहीत. पैसे घेणार का, हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो.

आपल्याकडे नियम संदिग्ध नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं तर मूलपेशींचा कुठलाही वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. नवी औषधं व वैद्यकीय चाचणी नियम २०१९ प्रमाणे मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन नवं औषध गणलं जातं. चाचणीला नीतिसमितीची संमती लागते, भारताच्या चाचणी-नोंदवहीत नाव लागतं, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई द्यावी लागते. मूत्राशयाच्या दुखण्यासाठी पैसे घेऊन मूलपेशी देणारं क्लिनिक या चौकटीत बसत नाही, मग ते मुंबईत असो, पुण्यात असो की पणजीत.

आपल्या इथे एक भान आणखी ठेवावं लागतं. वारंवार लघवी, आग, आखडत गेलेली पिशवी, आणि साध्या कल्चरमध्ये जंतू नाहीत: हे सगळं मूत्रमार्गाच्या क्षयरोगातही घडतं. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवत नाहीत. त्यासाठी पहाटेच्या पहिल्या लघवीचे नमुने वेगळे तपासावे लागतात. मूत्राशयाच्या अस्तरातच पसरलेला सुरुवातीचा कर्करोगही अगदी असाच दुखतो, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्यांत. वाढीचे संदेश देणाऱ्या पेशी अशा अस्तरात टोचणं किती धोक्याचं, ते सांगायला नको. म्हणून क्षय आणि कर्करोग नाही याची खात्री आधी, बाकी सगळं नंतर.

चट्टे सापडले तर आजही करण्यासारखं बरंच आहे. दुर्बिणीतून ते जाळता येतात किंवा त्यांत स्टेरॉइड टोचता येतं, आणि पुष्कळांना महिनोन्‌महिने आराम पडतो. पिशवीत सोडायचं डीएमएसओ हे औषध अमेरिकेत १९७८ पासून मंजूर आहे. तोंडाने घ्यायचं पेंटोसान १९९६ पासून, पण दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर परिणाम आढळल्याने त्यावर २०२० मध्ये इशारा छापला गेला. ते चालू असेल तर डोळे तपासून घ्यावेत. चट्टे नसतील आणि तळाचे स्नायू आखडलेले असतील तर प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून ते सैल करून घेण्याला चांगला आधार आहे. उलट अशा वेळी नेहमीचे केगल व्यायाम, म्हणजे तेच स्नायू आवळणं, त्रास वाढवू शकतात.

मूत्राशयात पेशी टोचण्याच्या पुढच्या चाचण्यांत एक गोष्ट सांभाळावी लागेल. पेशी टोचायच्या तर भूल द्यावी लागते, पिशवी पाण्याने फुगवावी लागते, भिंतीत सुई खुपसावी लागते. नुसतं भूल देऊन पिशवी फुगवणं हाच या आजारावरचा एक जुना उपचार आहे, आणि त्याने काही जणांना काही आठवडे बरं वाटतं. मग आराम पेशींनी दिला की पाण्याने, हे कळणार कसं? त्यासाठी अर्ध्या रुग्णांना तशीच भूल, तसंच फुगवणं, तशीच सुई, पण पेशींविना नुसतं सलाइन द्यावं लागेल, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आणि वर्षभर तरी मागोवा घ्यावा लागेल, कारण हा आजार आपोआप कमी-जास्त होत राहतो. तोवर मूत्रविकारतज्ज्ञाकडे जाताना तीन दिवस किती वाजता किती मिलिलिटर लघवी झाली आणि तेव्हा दुखणं दहापैकी किती होतं, हे वहीत लिहून न्यावं, आणि दुर्बिणीच्या तपासणीचे फोटो मागून ठेवावेत. चट्टे होते की नव्हते, याचं उत्तर त्यांतच मिळेल.